गळ्याचं माप

१

अकोल्याच्या सराफ्यात तानुबाईची जागा म्हणजे मोतीराम सोनाराच्या दुकानाबाहेरचा दगडी ओटा. ओट्याच्या खांबाला एक खिळा, खिळ्याला रेशमाची लड, आणि लडीचं दुसरं टोक तानुबाईच्या पायाच्या अंगठ्यात ताणलेलं. तिचा नवरा पटवेकरी होता. तो गेला तेव्हा गल्लीला वाटलं, बाई आता माहेरची वाट धरणार. बाई महिनाभरानं येऊन त्याच ओट्यावर बसली, त्याचीच लड अंगठ्यात अडकवून मणी ओवायला लागली, आणि त्यालाही अकरा वर्षं होऊन गेली होती. साल होतं एकोणीसशे अठ्ठावन्न.

दागिना सोनार घडवतो हे खरं, पण तो अंगावर नीट बसतो तो पटवेकऱ्याच्या हातानं. एकदाणी असो, बोरमाळ असो, मण्यांतून दोरा घालायचा, दोऱ्याला मेण द्यायचं, गाठ अशी मारायची की शोधून सापडू नये. गल्ली सकाळी नऊला जागी व्हायची. आधी झारेकरी यायचे आणि दुकानांपुढची माती, नालीतला गाळ घमेल्यात भरून न्यायचे. त्या चिखलातून सोन्याचे कण धुऊन काढणं हाच त्यांचा धंदा. मग एकेक हातोडी सुरू व्हायची, फुंकणीचा फुस्कारा ऐकू यायचा. जुने लोक सांगत, इथं आधी दहा-बारा दुकानं होती. कापसाला भाव आला तशी गल्ली वाढत गेली. कापूस विकला की बाळापूर, पातूर, बार्शीटाकळीकडच्या बाया अजूनही थेट इथंच यायच्या.

तानुबाईचा एक नियम होता. गरसोळी करायची तर गळा समोर पाहिजे. गरसोळी म्हणजे वऱ्हाडातल्या लग्नाच्या बाईचा गळ्यालगतचा दागिना, काळे मणी, मधे सोन्याचं डोरलं, मागं आकडा. ती तुटली तर बाई गळ्यात काळा दोरा बांधून स्वतः येते, ओट्यावर बसून राहते आणि नवी ओवून झाली की घालूनच उठते. तानुबाई शेवटी मण्यांखाली आपली दोन बोटं सरकवून बघायची. दोन बोटं गेली की माप बरोबर.

त्यामुळं दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी एक माणूस एकटाच आला आणि रुमालातून गरसोळी काढून त्यानं ओट्यावर ठेवली, तेव्हा तानुबाईनं आधी त्याच्या मागं बाई दिसते का ते पाहिलं.

गरसोळी तिनं लगेच ओळखली. तिच्याच हातची होती. दोन वर्षांपूर्वी मनकर्णा नावाची पोरगी लग्नाआधी आईबरोबर आली होती. भरल्या अंगाची, मोठ्या आवाजाची. तिच्या बोलण्यानं गल्लीतली माणसं वळून पाहायची. माप होतं दीड वीत आणि एक बोट. तानुबाईला गळे लक्षात राहायचे, जशी लोकांना तोंडं लक्षात राहतात.

"मी सूर्यभान, मनकर्णाचा मालक," तो माणूस म्हणाला. पातूरच्या अलीकडे गाव, घरची काळी जमीन. बोलणं इतकं हळू की पुढं वाकून ऐकावं लागावं. "हे ढिली होऊन राहिली तिले. थोळी लहान करून द्या."

"बाई काहून नाई आली?"

"घरी काम हाये. कापूस निंगून राहिला."

त्यानं एक दोरा पुढं केला. दोऱ्याला गाठ मारून माप दाखवलं होतं. गाठ जाडजूड, बैलाच्या दाव्याला मारतात तसली. तानुबाईनं दोरा गरसोळीला लावून पाहिला. दोन बोटांचा फरक होता. बाळंतपणाचं तो बोलला नाही, आजाराचं बोलला नाही, अन् दोन बोटं गळा उतरला. पण माणसं सुकतात, पहिल्या वर्षा-दोन वर्षांत सासरी पुष्कळजणी सुकतात. तिनं नियम बाजूला ठेवला आणि मणी कमी करून दिले.

२

दिवाळी झाली आणि तो पुन्हा आला. तोच रुमाल, नवा दोरा, तसलीच गाठ.

तानुबाईनं गरसोळी हातात घेऊन उलटसुलट केली. महिन्याभरापूर्वीचा दोरा आतून काळपट झाला होता, मण्यांच्या भोकांत घामाची नि हळदीची कीट होती. आकड्यात एक केस अडकला होता, लांब, काळाभोर, तेल लावलेला. म्हणजे दागिना गळ्यात होता. रोज होता. बाई जिवंत आहे की नाही, ही मनात आलेली शंका तिनं तिथल्या तिथं पुसून टाकली.

मग तिनं माप लावलं. आता उरली होती एक वीत आणि दोन बोटं.

"भाऊ, तिले काई दुखनं हाये का?"

"नाई. चांगली जेवते."

"डॉक्टरले दाखवलं?"

"कायले दाखवाचं? बरी हाये." मग तो म्हणाला, "आधीपेक्षा चांगली राहते. घरात राहते."

हे शेवटचं त्यानं मोठ्या समाधानानं सांगितलं. तिनं मणी उतरवले. काढलेले मणी तिनं पुडीत बांधून पुढं केले तर त्यानं घेतले नाहीत. "राहू द्या तुमच्यापाशी. मले काई ते लागनार नाईत."

तो गेल्यावर आतून मोतीरामनं विचारलं, "तानुबाई, हात काहून थांबला तुमचा?"

तिनं सांगितलं. मोतीराम शहाणा माणूस, रोज पेपर वाचणारा. तो म्हणाला, "खय असंन. खयात मानेची पार काडी होते. लोकं सांगत नाईत."

खय असेल. तानुबाईला ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं. पण क्षयाची माणसं तिनं पाहिली होती. मांस जातं, हाड राहतं. आणि हाडाला एक माप असतं, त्याच्या आत गळा जात नाही. त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी घरी जाताना तिनं आपल्याच गळ्याभोवती वीत धरून पाहिली, आणि समोरून कुणी आलं तेव्हा ओशाळून हात खाली घेतला.

३

तिसऱ्या वेळी तो पंधरा दिवसांतच आला. गाठीपर्यंतचा दोरा वीतभराच्याही आत होता.

त्या वेळी ओट्यावर एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. तानुबाईनं काही न बोलता तो दोरा त्या मुलीच्या गळ्याभोवती धरला. टोकं जुळली नाहीत. मुलगी गळा आखडून हसली. तानुबाईनं दोरा काढून घेतला.

"भाऊ, एवढा गळा मोठ्या मानसाचा नसते."

सूर्यभाननं दोऱ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. चिडला नाही. "मले तुमच्या धंद्यातलं समजत नाई, बाई. तिले ढिली होते. तिनंच मांगतलं."

तानुबाईनं त्या दिवशी एक लबाडी केली. जुना दोरा काढला, नवा घातला, मण्यांना हात लावला नाही. होती तेवढीच ठेवली आणि गुंडाळून दिली. तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मोटारीनं आला असावा तसा ओट्यापुढं उभा.

"तुमच्याकडून राहून गेलं," तो म्हणाला.

तेवढंच. रागाचा एक शब्द नाही. तो ओट्याच्या कडेला बसला, हात मांडीवर ठेवले, आणि तिच्या बोटांकडं पाहत राहिला. घरी नेऊन यानं दोरा लावून पाहिलेला आहे, आणि आता होईस्तवर हा उठणार नाही, हे तानुबाईला कळून चुकलं.

"माह्यापाशी बारीक मनी नाईत," ती म्हणाली. "इतक्या लहान गरसोळीले बारीक लागतात. गुरुवारी घेऊन जा."

"गळा उघळा नाई ठेवता येत तिचा."

"काळा दोरा बांध म्हना तवर."

त्यानं रिकाम्या रुमालाची घडी घातली. "मंगळवारी मी कापसाच्या गाड्या घेऊन इथंच येनार हाओ. पन दिवस जाते बाजारात. गुरुवारीच येतो," असं म्हणून तो गेला.

तानुबाईच्या हातात गरसोळी राहिली आणि कानात मंगळवार.

४

मंगळवारी सकाळी तिनं ओटा मोतीरामच्या भरवशावर टाकला, मणी, मेण, रेशीम आणि गरसोळी पिशवीत घातली आणि पातूरची मोटार धरली. निघाल्यापासून तिचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. आपण जाऊन करणार काय? आजारी बाई असेल, ती भेटेल, तिचा हडकलेला गळा दिसेल, आपण दोन बोटं घालून माप घेऊ आणि आपली आपल्यालाच लाज वाटेल. लाज वाटली तरी चालेल, असं तिला वाटत होतं. लाज वाटावी म्हणूनच ती चालली होती.

गावात सूर्यभानचं घर सगळ्यांना माहीत होतं. शेजारी गोदाबाई म्हणून एक म्हातारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"मनकर्णा? हाये ना अंदर. सकाळीच बोलली माह्याशी कुळाच्या भितीआडून. आवाज तर तुमाले मोटारीपावतर ऐकू आला असंन."

"दिसली का तुमाले?"

म्हातारीची बोटं शेंगेवर थांबली. "दिसाले ते बाहेर कुठी येते? पोळ्याच्या दिवशी दिसली होती." मग जणू आपण काही बाईमाणसाला न शोभणारं बोललो अशी घाईनं म्हणाली, "मालकानं चांगली ठेवली हाये पन. मारत नाई, काई नाई."

पोळ्याला तीन महिने होऊन गेले होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. पुढची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरली होती, मधून एक माणूस जाईल इतकीच वाट. त्या वाटेत दोन पावलं टाकली आणि बाहेरचं सगळं थांबलं. कोंबड्या, गोदाबाईच्या शेंगा, रस्त्यावरची गाडी, काही ऐकू येईना. तानुबाईला स्वतःचा श्वास मात्र कुणी दुसरंच घेत असल्यासारखा जवळून ऐकू यायला लागला. वाटेच्या टोकाला आतल्या खोलीचं दार होतं.

दाराला कडी बाहेरून घातलेली होती.

५

"मनकर्णा," तानुबाईनं हाक मारली.

"कोन, तानुमावशी?" लगेच उत्तर आलं. "किती दिवसांनी. मोतीरामभाऊचा खोकला बरा झाला का?"

तोच आवाज. खणखणीत, गल्लीतली माणसं वळून पाहतील असा. तानुबाईचे खांदे सैल झाले. एवढा आवाज ज्या गळ्यातून निघतो तो गळा असून असून किती बारीक असणार? फक्त आवाज दाराच्या अगदी लगत होता आणि खालून येत होता. बसली असेल, तानुबाईनं स्वतःला सांगितलं.

"बरा हाये खोकला. कडी काढू का, माय?"

"काढा. पन चार बोटंच उघळा. जास्त नोका."

कडी काढताना तिचा आवाज झाला तो कापसानं गिळून टाकला. चार बोटांच्या फटीतून एक हात बाहेर आला. तानुबाईनं तो आधी नीट पाहिला. भरलेला, गोरा, मनगटावर गोंदण, हिरव्या बांगड्या घट्ट बसलेल्या. सुकल्याची एक खूण नाही. तिनं तो हातात घेतला तर ऊबदार होता.

"गरसोळी आनली मी तुही. पन आधी माप घेऊ दे माह्या हातानं."

 मग त्या हातानं तानुबाईचा हात धरला, फटीतून आत घेतला आणि वर नेला.

बोटांना आधी चोळीची शिवण लागली, मग खांदा, गोल आणि घामेजलेला. खांद्यावरून हात पुढं सरकला आणि जिथं पसरायला जागा हवी होती तिथं तानुबाईचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटली. भेटली आणि एकावर एक गेली. मधे जे होतं ते मऊ होतं, भोवती जाड गाठीचा काळा दोरा आवळलेला होता, कातडी माणसाची होती, बारीक घामोळं उठलेलं होतं, आणि त्यात एक नाडी शांतपणे उडत होती. त्याच्यावर काहीतरी जड एका अंगाला कललं होतं. तेल लावलेले केस तिच्या मनगटावर पडले.

तानुबाईला हात काढून घेता येईना. 

"ते मनतात ढिली होते," मनकर्णा बोलली, आणि बोलताना ते बोटांच्या कडीत थरथरलं. "ढिली नोहती होत, मावशी. तुमी लहान करून धाडता, नाई त ते दोरा बांधतात. मंग मले तेवढं व्हा लागते. गरसोळी काढून ठेवता येते का बाईले?"

"मले सांगतलं, तूच मांगतलं."

"मी कायले मांगीन?"

तानुबाईनं हात ओढून घेतला. दार त्या ओढीनं बोटभर जास्त उघडलं, आणि छपराच्या फुटक्या कवेलूतून आत पडलेल्या उजेडाच्या पट्ट्यात तिला क्षणभर दिसलं. भिंतीला टेकून बसलेली धडधाकट बाई, आणि तिच्या स्वतःच्याच खांद्यावर गाल टेकून, झोपलेल्या लेकरासारखा आडवा पडलेला तिचा चेहरा. डोळे उघडे होते. ती हसत होती, ओळखीच्या माणसाला पाहून हसतात तशी.

तानुबाई तिथंच कापसाच्या ढिगात बसली. पिशवी उघडली तेव्हा मूठभर काळे मणी कापसात सांडले, ते तिनं तसेच राहू दिले. लड अंगठ्यात अडकवली. मण्यामागून मणी ओवताना ती कशाचाही विचार करत नव्हती, फक्त एक माप तोंडानं म्हणत होती, दीड वीत आणि एक बोट, दीड वीत आणि एक बोट. डोरलं मधोमध आलं. आकडा बसवला. तिच्या आयुष्यात तिनं इतक्या वेगानं कधी काम केलं नव्हतं.

फटीतून हात आला, गरसोळी घेऊन आत गेला. दोरा तोडल्याचा, मग आकडा अडकल्याचा बारीक आवाज झाला.

"आता तुमी जा," मनकर्णा म्हणाली. "येळ लागते याले."

कापसाच्या वाटेनं बाहेर पडताना मागून एक आवाज तानुबाईला ऐकू येत राहिला. वाळत आलेलं बोंड उन्हात उकलतं तसा, पण ओला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. कडी मात्र तिनं लावली नव्हती. ती दारावर तशीच लोंबत होती.

६

गुरुवारी सूर्यभान आला नाही. पुढच्या बाजारालाही आला नाही. तानुबाई दर वेळी गल्लीच्या तोंडाकडं पाहत बसायची आणि सुई बोटात टोचून घ्यायची.

शेवटी तिनं मोतीरामला सगळं सांगितलं. त्यानं हातोडी खाली ठेवून ऐकलं.

"अंधार होता ना?"

"होता."

"मंग मनगट असंन ते. आजारी बाई, तुमचा हात धरून तिनं मनगटावर ठेवला. तुमच्या मनात गळाच होता."

"अन् चेहरा?"

"झोपलेली असंन. मान टाकून झोपते मानूस." हातोडी पुन्हा उचलत तो म्हणाला, "तानुबाई, मोठी गरसोळी आजारी बाईले आनखी ढिली होईन. एवढंच झालं असंन. दुसरं काई होत नसते."

पौष गेला, माघ गेला. दिवस तापायला लागले तसं ते मनगटच होतं असं तानुबाईला वाटायला लागलं. चार चौघींसारखी एक आजारी बाई, आणि आपलं वय झालेलं. तिनं दुसऱ्या बायांच्या गरसोळ्या केल्या, मण्यांखाली दोन बोटं घातली.

चैत्रात एका दुपारी ओट्यावर सावली पडली. तानुबाईनं वर पाहिलं तर मनकर्णा उभी होती.

एकटीच होती. नवं लुगडं, डोईवर पदर, हातात कापडी पिशवी. तानुबाईची नजर आधी गळ्यावर गेली. गळा भरलेला होता, दोन वळ्या पडलेला, आणि गरसोळी जिथं बसायला हवी तिथं बसली होती. दोन बोटं सहज गेली असती.

"बस, माय," तानुबाई कशीबशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मोतीरामनं आतून डोकावून पाहिलं आणि तानुबाईकडं बघून मान हलवली, सांगितलं नव्हतं का, अशा अर्थानं.

मनकर्णा ऐसपैस बसली. पाणी प्याली. गोदाबाईच्या गोष्टी सांगितल्या, कापूस कितीला गेला ते सांगितलं, मोठ्यानं हसली तशी समोरच्या दुकानातली माणसं वळून पाहायला लागली. तासाभरात तानुबाईला वाटलं की आपण एक वाईट आजार काढून उठलो.

मग मनकर्णानं पिशवीत हात घातला आणि पदराच्या आडोशानं एक वस्तू काढून ओट्यावर ठेवली. काळ्या रेशमाचा करदोटा होता, पुरुषमाणसं कमरेला बांधतात तो, पुढं चांदीची कडी असलेला.

"मालकाचा हाये," ती म्हणाली. "थोळा लहान करून द्या, मावशी."

गल्लीत हातोड्या चालू होत्या. तानुबाईनं करदोट्याकडं पाहिलं. आधीच तो एकदा कुणीतरी लहान केलेला होता. घरच्या हातानं, ओबडधोबड, पण लहान केलेला. तिनं मनकर्णाकडं पाहिलं. तिथं राग नव्हता, काही नव्हतं. घरचं एक काम घेऊन आलेली बाई होती.

"मी नाई करनार," तानुबाई म्हणाली.

"काहून?"

"मी नाई करनार, पोरी. घेऊन जा."

 मनकर्णानं करदोटा उचलला, पिशवीत ठेवला, तानुबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून मायेनं दाबला आणि उठली. "तुमी लय केलं माह्यासाठी," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाई माहा."

चार दुकानं सोडून खुशालराव पटवेकऱ्याचा ओटा होता. तानुबाईनं तिला तिथं बसताना पाहिलं. खुशालराव गुणी माणूस, गिऱ्हाइकाला जास्त विचारत नसे. त्यानं करदोटा घेतला, मनकर्णानं पुढं केलेला दोरा घेतला, दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि नवल वाटल्यासारखं एकदा वर पाहिलं. मनकर्णा काहीतरी म्हणाली. तो हसला.

चार दुकानं म्हणजे वीस पावलं. तानुबाईनं अंगठ्यातून लड काढली, एक पाय ओट्याखाली टाकला, आणि तशीच बसून राहिली. खुशालरावानं मान खाली घातली होती आणि तो कातर शोधत होता.